गळून गेलेले आकडे: मुळशीतल्या एका तलंगीच्या आतड्यातले अकरा पट्टकृमी

पौडच्या पुढे एका वाडीत राहणाऱ्या मावशींकडे दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांतली एक तलंग झुरायला लागली. "दाणा खाती, पानी पिती, पर आंगच धरंना," मावशी सांगत होत्या. महिनाभर वाट पाहून त्यांनी ती कापली. आतडं हातात घेतल्यावर मात्र त्या थबकल्या. आतड्यावर बाहेरून ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी होत्या. शेजाऱ्यांनी लगेच निकाल दिला की ही टीबी आहे, बाकीच्याही कापून पुरून टाका.

आमची एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी त्याच वाडीतली. ती नेमकी घरी होती. तिने आतडं, यकृत आणि प्लीहा स्टीलच्या डब्यात भरले आणि दुपारच्या बसने पुणे गाठलं. चांदणी चौकात गाडी अडकली, उकाडा होता, डबा मांडीवर. प्रयोगशाळेत झाकण उघडलं तेव्हा कोंबडी कापून सहा तास झाले होते. ही वेळ लक्षात ठेवावी, पुढचा बराच घोळ तिच्यातूनच झाला.

या प्रकरणात आम्ही चार कृमींना चुकीचं नाव दिलं. चूक जनुकांनी पकडली. पण ती पकडून देणारा पुरावा काचपट्टीवर पहिल्या दिवसापासून पडून होता आणि आम्ही तो मोजलाच नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं ते यासाठीच.

आतडं उघडल्यावर

आधी यकृत आणि प्लीहा पाहिले. दोन्ही स्वच्छ, एकही गाठ नाही. पक्ष्यांच्या क्षयात आतड्याबरोबर बहुधा हे दोन अवयवही गाठींनी भरतात, त्यामुळे टीबीची शंका तिथेच निम्मी झाली. मग आतडं उभं चिरून कोमट सलाइनमध्ये पसरलं. आतून पाहिलं तर ज्या जागी बाहेर गाठ, त्या जागी आत पांढरी फीत चिकटलेली. फितीचं निमुळतं टोक गाठीत घुसलेलं, बाकी अंग मोकळं तरंगणारं. क्षयाची राहिलेली शंकाही गेली. हे पट्टकृमी होते.

पट्टकृमी म्हणजे चपट्या कृमींच्या संघातला सेस्टोडा हा वर्ग. याच संघातले पर्णकृमीही पक्ष्यांमध्ये आढळतात, पण त्यांना तोंड आणि आतडं असतं. पट्टकृमीला दोन्ही नसतं, तो कोंबडीच्या पचलेल्या अन्नातून कातडीवाटेच पोषण शोषतो. डोक्याने आतड्याला धरायचं आणि मानेमागून एकामागोमाग एक देहखंड तयार करत जायचं, एवढंच त्याचं काम. प्रत्येक देहखंडात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात. मानेजवळचे खंड कोवळे, मधले जाणते, शेवटचे अंड्यांनी भरलेले. हे शेवटचे खंड तुटून विष्ठेबरोबर पडतात आणि अंगणात भाताच्या शितांसारखे दिसतात. मावशींनी ते पाहिले होते, पण शितंच समजून सोडून दिले होते.

कृमी जिवंत असताना सलाइनमध्ये काही तास ठेवले, तर ते सैल पडतात आणि आपणहून पकड सोडतात. आमचे आधीच मेलेले होते. विद्यार्थिनीने चिमट्याने पहिला कृमी अलगद ओढला आणि त्याचं डोकं गाठीतच राहिलं. ती रडवेली झाली. त्यानंतर आम्ही ओढणं थांबवलं. जे मोकळे पडले होते ते उचलले, आणि दोन गाठी बारीक कात्रीने उघडून आतली डोकी अख्खी बाहेर काढली. मोजून अकरा कृमी झाले.

इथे एक गोष्ट आम्ही बरोबर केली. अकराही कृमींचे प्रत्येकी दोन वाटे केले. मानेमागचा कोवळा तुकडा थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये गेला, डीएनएसाठी. डोकं, मधले जाणते खंड आणि शेवटचे खंड काचपट्टीसाठी राखले. दोन्ही वाट्यांवर एकच क्रमांक. कोवळाच तुकडा घेण्याला कारण आहे. शेवटच्या खंडांत अंडी असतात आणि ती परफलनातून तयार झालेली असू शकतात, म्हणजे त्यांत दुसऱ्या कृमीचाही डीएनए येतो. फॉर्मलिन मात्र डीएनएच्या वाट्याजवळ येऊ दिलं नाही. ते अवयवांचा आकार छान टिकवतं, पण डीएनएचे रेणू एकमेकांत जखडून टाकतं. महाविद्यालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षं जपलेल्या बरण्यांतून आज जनुकं काढणं इतकं अवघड जातं, त्याचं हे मोठं कारण आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली

काचपट्ट्या नेहमीच्या रीतीने केल्या: कार्माइनचा रंग, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, लवंगतेलात पारदर्शक करणं, डीपीएक्स या चिकट द्रवात बसवणं. डोकी मात्र वेगळी काढून कव्हरस्लिपखाली दाबली, कारण डोक्यावरचे आकडे, म्हणजे आतड्यात रुतणारे सूक्ष्म हुक, मोजायचे तर डोकं चपटं व्हावं लागतं.

क्रमांक १ आणि २ यांना वेळ लागला नाही. त्यांच्या प्रत्येक देहखंडाच्या दोन्ही कडांना एकेक जननछिद्र होतं आणि आत जननेंद्रियांचे दोन पूर्ण संच. हे साध्या भिंगानेही कळतं. कोंबडीत असा दुहेरी संसार दिसला की तो कोटुग्निया वंशाचा पट्टकृमी. क्रमांक ३ ही सोपा होता. डोक्यावर रुंद टोपीसारखं रोस्टेलम, म्हणजे डोक्याच्या टोकाचा उंचवटा, त्यावर आकड्यांची दाट किनार, पण चार चूषकांवर, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांवर, एकही काटा नाही. शेवटच्या खंडांत अंड्याच्या प्रत्येक पिशवीत एकच अंडं. हा सेस्टिसिलस.

उरले आठ. खरं प्रकरण त्यांचंच.

हे आठही रायलिएटिना या वंशातले होते यात शंका नव्हती. फुर्मान यांनी १९२० मध्ये हा वंश उभा केला तेव्हा त्याचे चार पोटविभाग दोन प्रश्नांवर पाडले होते. जननछिद्रं सगळी एकाच बाजूला आहेत की डावी-उजवी बदलतात? आणि अंड्यांच्या पिशवीत एक अंडं की अनेक? आमच्या आठांची छिद्रं एका बाजूला होती आणि पिशवीत आठ-दहा अंडी दिसत होती. गावरान कोंबडीत या खणात दोनच जाती नेहमीच्या उमेदवार, टेट्रागोना आणि एकायनोबोथ्रिडा. टेट्रागोनाचं वर्णन मोलिन यांनी १८५८ मध्ये केलं, एकायनोबोथ्रिडाचं मेन्यां यांनी १८८० मध्ये. दोघेही वीतभर वाढतात, दोघांच्या चूषकांवर काट्यांच्या रांगा असतात, दोघेही मुंगीतून कोंबडीत येतात. अंगावरून त्यांना वेगळं करणं कठीण, फरक सांगतं ते डोकं.

टेट्रागोनाचं रोस्टेलम लहान, त्यावर शंभराच्या आसपास आकडे, बहुधा एका रांगेत, आणि चूषक लांबट गोल. एकायनोबोथ्रिडाच्या रोस्टेलमवर दोनशेच्या वर आकडे, दोन रांगांत, आणि चूषक गोल. साउथवेल यांच्या १९३० च्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडियातल्या सेस्टोडा खंडांपासून आजच्या पशुवैद्यकीय पाठ्यपुस्तकांपर्यंत ओळख याच धाटणीने पटवतात.

विद्यार्थिनीने तेलभिंगाखाली आकडे मोजले. हे काम डोळे थकवणारं असतं. आकडे हातोडीच्या आकाराचे, एकमेकांवर चढलेले. फोकस केसभर हलवला की खालची रांग वर येते आणि मोजलेलं विसरायला होतं. तिने प्रत्येक डोकं तीन वेळा मोजलं. गाठी उघडून काढलेल्या क्रमांक ४ आणि ५ वर दोनशेहून जास्त आकडे निघाले. मोकळ्या पडलेल्या ६ ते १० या पाच कृमींवर ऐंशी ते एकशे दहा. त्यांचे चूषकही लांबट दिसत होते. क्रमांक ११ म्हणजे तो पहिलाच, डोकं गमावलेला.

वहीत नोंद झाली: ४ आणि ५ एकायनोबोथ्रिडा, ६ ते १० टेट्रागोना, ११ अनिर्णित. मी ती तपासली आणि खाली सही केली.

जनुकांचा निकाल

डीएनएची पहिली फेरी वाया गेली. आम्ही १९९४ पासून अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी सर्रास वापरली जाणारी फोल्मर प्रायमरची जोडी घेतली. प्रायमर म्हणजे हव्या त्या जनुकाला चिकटून त्याच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे. जेलवर पट्टी झकास उमटली, सीक्वेन्स म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम आला, जनुकांच्या डेटाबेसमध्ये टाकला तर उत्तर: कोंबडी. कृमीच्या कातडीला आतड्याचा चिकट थर राहिला होता आणि हे प्रायमर चपट्या कृमींपेक्षा यजमानालाच आनंदाने चिकटले होते. तुकडे पुन्हा धुतले आणि चपट्या कृमींसाठी बेतलेले प्रायमर घेतले. या वेळी दोन तुकडे वाचायचे ठरवलं: सूत्रकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रियातल्या) कॉक्स-१ जनुकाचा एक आणि केंद्रकातल्या २८ एस रायबोसोमल जनुकाचा एक. सूत्रकणिकेचा डीएनए भराभर बदलतो, म्हणून जवळच्या जाती वेगळ्या करायला तो चांगला. २८ एस सावकाश बदलतो आणि त्याचा वारसाही वेगळ्या वाटेने येतो. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायला जागा असते.

कॉक्स-१ चा सीक्वेन्स आल्यावर विद्यार्थिनी धावत आली. "मॅडम, मधेच स्टॉप कोडॉन येतायत. हे जनुक खोटं आहे का?" स्टॉप कोडॉन म्हणजे प्रथिन इथे संपलं असं सांगणारा थांबा. शंका रास्त होती. सूत्रकणिकेच्या जनुकांच्या निकामी नकला केंद्रकात सापडतात आणि त्यांत असे थांबे दिसतात. पण तिने भाषांतर नेहमीच्या संकेतसारणीने केलं होतं. चपट्या कृमींच्या सूत्रकणिकेची सारणी निराळी आहे, डेटाबेसात ती नवव्या क्रमांकावर असते. तिच्यात टीजीए हा थांबा नसतो, त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन. एएए हा तीन अक्षरी शब्द आपल्याकडे लायसिन मागतो, तिथे ॲस्पॅराजिन. सारणी बदलली आणि सगळे थांबे नाहीसे झाले. जनुक खरं होतं.

मग आठही कृमींचे सीक्वेन्स एकाखाली एक लावले. अपेक्षा होती दोन विरुद्ध पाच अशा विभागणीची. प्रत्यक्षात ४, ५, ६, ७, ८, १० आणि ११ हे सात जवळजवळ अक्षरशः सारखे निघाले. क्रमांक ९ एकटा बाजूला, कित्येक डझन ठिकाणी निराळा. २८ एसनेही तेच सांगितलं.

अशा वेळी पहिला संशय लेबलांवर घ्यायचा असतो. नळ्या बदलल्या असतील, एकाचा थेंब दुसऱ्यात गेला असेल. म्हणून ६, ७, ८ आणि १० यांचे राखून ठेवलेले दुसरे तुकडे काढले, वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी, शेजारी रिकामी नळी ठेवून. रिकाम्या नळीत काही उमटलं नाही. चारही सीक्वेन्स तेच आले.

आता तीन शक्यता होत्या. एक, जनुकं दिशाभूल करत आहेत. दुसरी, एकाच जातीत शंभर आणि दोनशे अशा दोन्ही संख्या असतात. आणि तिसरी, आमची मोजणी चुकली.

डेटाबेसातली नावं इथे फार कामाला आली नाहीत. सर्वांत जवळच्या नोंदींवर दोन्ही नावं दिसत होती आणि त्यांतल्या बऱ्याचशा नोंदींमागे डोक्याचं चित्र किंवा काचपट्टीचा क्रमांक नव्हता. ज्याने कुणी तो कृमी पाहिला त्याने आकडे कसे मोजले, हे कळायला मार्ग नाही. सीक्वेन्सला स्वतःचं नाव नसतं, ते कुणीतरी डोळ्यांनी पाहून चिकटवलेलं असतं. आमच्याकडे मात्र त्याच कृमीचं डोकं कपाटात होतं. म्हणून परत सूक्ष्मदर्शकाकडे गेलो.

आकड्यांची लांबी

या वेळी आकडे मोजायच्या ऐवजी मापायचं ठरवलं. टेट्रागोनाचा आकडा ६ ते ८ मायक्रॉन लांब असतो, एकायनोबोथ्रिडाचा १० ते १३. पाठ्यपुस्तकात संख्येच्या शेजारच्याच ओळीत हे लिहिलेलं असतं. आम्ही ती ओळ वाचून सोडून दिली होती, कारण संख्या मोजणं जास्त ठोस वाटलं होतं. वर्गातही मी वर्षानुवर्षं संख्येवरच भर देत आले होते.

नेत्रभिंगातली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे अचूक माप कोरलेल्या काचपट्टीवर, नव्याने जुळवून घेतली. इथली चूक थेट निकालात उतरते, म्हणून दोघींनी वेगवेगळी जुळवणी केली. मग क्रमांक ६. त्याच्या रोस्टेलमवर ब्याण्णव आकडे मोजले होते. त्यांतले जे आडवे पडलेले होते ते मापले: ११, १२, ११. क्रमांक ७, तसंच. ८ आणि १० सुद्धा. क्रमांक ९ चा आकडा ७ भरला.

विद्यार्थिनीने मग एक गोष्ट दाखवली जी मला आधी दिसली नव्हती. क्रमांक ६ च्या रोस्टेलमच्या कडेला, जिथे आकडे नव्हते तिथे बारीक खळग्यांची एक रांग होती. फोकस वर-खाली केला की खळगे उजळायचे, मिटायचे. आकडे जिथून उपटले गेले त्या जागा होत्या त्या. आतली रांग अर्धी शिल्लक, बाहेरची जवळजवळ गळालेली. क्रमांक ९ वर असे खळगे जेमतेम चार-पाच होते.

सगळं जुळून आलं. कृमी मेला की रोस्टेलमवरचे आकडे सुटायला लागतात. सहा तास डब्यात मेलेल्या स्थितीत राहिल्याने मोकळ्या पडलेल्या कृमींचे आकडे गळाले होते. ४ आणि ५ यांची डोकी गाठीत रुतलेली, म्हणून त्यांचे आकडे टिकले. आणि चूषक लांबट दिसत होते ते आमच्या दाबामुळे. कव्हरस्लिपवर जोर जास्त दिला तर गोल चूषकही लांबट होतो. क्रमांक ९ वगळता आमच्या टेट्रागोनांची दोन्ही लक्षणं आमच्याच हातून तयार झाली होती. गळाल्याने संख्या घटते, पण उरलेल्या आकड्याची लांबी घटत नाही. ज्या लक्षणावर मृत्यूचा आणि आपल्या हातांचा परिणाम होत नाही ते लक्षण आधी धरायला हवं होतं.

वहीतली नोंद बदलली. ९ टेट्रागोना, बाकीचे सात एकायनोबोथ्रिडा. जुनी नोंद खोडली नाही, आडवी रेघ मारून तारीख टाकली.

याच्या उलटही घडतं, ते विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते. पाणपक्ष्यांतल्या एकायनोस्टोमा या पर्णकृमींच्या एका गटात तोंडाभोवतीच्या पट्ट्यावर ३७ काटे असतात. त्यातल्या कित्येक जाती शरीररचनेवरून इतक्या सारख्या दिसतात की अभ्यासक दशकानुदशकं वाद घालत राहिले. १९९० च्या दशकात आयटीएस आणि एनडी-१ या जनुकभागांनी त्या गटातले वेगळे वंशप्रवाह स्पष्ट केले. तिथे शरीर गप्प होतं आणि जनुकं बोलली. आमच्या प्रकरणात शरीर पहिल्यापासून बोलत होतं.

आपल्याकडच्या कृमिशास्त्रात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. महाराष्ट्रात कोंबड्या, पारवे, बगळे यांतल्या पट्टकृमींवर फार कष्टाचं काम झालं आहे आणि त्यातून पुष्कळ नव्या जाती नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या काही दोन-चार नमुन्यांवर, वृषणांच्या संख्येतल्या किंवा अंडाशयाच्या आकारातल्या फरकावर उभ्या आहेत. वृषणांची संख्या एकाच कृमीच्या लगतच्या खंडांतही बदलते. खंड जाणता होत जातो तसा अंडाशयाचा आकार पालटतो. आमच्याच चार कृमींवर शंभर आकडे, लांबट चूषक आणि शेजारी दोनशे आकड्यांचे नातेवाईक पाहून कुणाला नवी जाती सुचली असती तर मला नवल वाटलं नसतं. त्या जुन्या जातींपैकी कुठल्या टिकतील हे ठरवायचं तर त्याच यजमानांतून, त्याच भागांतून नवे नमुने गोळा करावे लागतील आणि प्रत्येकाचे दोन वाटे करावे लागतील.

मावशींच्या अंगणात

मावशींना या नावांशी देणंघेणं नव्हतं, त्यांचे तीनच प्रश्न होते. बाकीच्या कोंबड्या कापायच्या का? नाही. ही टीबी नव्हती. खाल्लं तर माणसाला लागेल का? कोंबडीच्या आतड्यातला पूर्ण वाढलेला हा कृमी माणसाला लागत नाही. त्याला आधी मुंगीत वाढावं लागतं. मुंगी विष्ठेतले अंड्यांचे खंड खाते, कोंबडी ती मुंगी टिपते आणि दोन-तीन आठवड्यांत कोंबडीच्या पोटात नवी फीत तयार होते. सेस्टिसिलस मुंगीऐवजी भुंगेऱ्यांतून येतो. आणि परत होऊ नये म्हणून काय करायचं? जंताचं औषध आणि त्याचा डोस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यायला सांगितलं. खुराडं उकिरड्याला लागून होतं आणि उकिरड्यात मुंग्यांची वारुळं होती. ते हलवलं. "ताई, मुंगी खाऊन कोंबडी झुरती, हे आजवर कुनी सांगितलंच न्हाई," मावशी म्हणाल्या.

नाव बरोबर लागल्याचा उपयोग इथेही झाला. गाठी पाडणारा एकायनोबोथ्रिडाच आहे हे पक्कं झाल्यामुळे त्या गाठींचं कारण ठामपणे सांगता आलं. टेट्रागोना अशा गाठींसाठी ओळखला जात नाही. पहिली नोंद तशीच राहिली असती, तर पाच टेट्रागोना आणि दोनच एकायनोबोथ्रिडा असताना आतडंभर इतक्या गाठी कशा, हे कोडं सुटलं नसतं.

नमुने आता आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात जमा करण्यासाठी तयार केले आहेत. सीक्वेन्सच्या नोंदीत प्रत्येक काचपट्टीचा क्रमांक आणि आकड्यांची लांबी घातली आहे. क्रमांक ११ चं लेबल विद्यार्थिनीने स्वतः लिहिलं: "रायलिएटिना एकायनोबोथ्रिडा. डोकं नाही. ओळख क्र. ४ आणि ५ शी जुळणाऱ्या कॉक्स-१ व २८ एस वरून." त्याचं डोकं ज्यात राहिलं ती गाठ अजून अल्कोहोलमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे बारीक छेद घेऊन आतलं डोकं शोधायचं आहे.